खळखळ्यांचा उंबरठा

भाल्या,

तुझ्या तेराव्याचं जेवून गेलेली माणसं अजून ढेकर देतायत, आणि तेवढ्यात तुला देवमाणूस करून मोकळीही झालीत. परवा सकाळी नळावर एकजण म्हणाला, “भालचंद्रपंतांनी उभ्या जन्मात कुणाचं वाईट केलं नाही हो!” माझ्या हातातली बादली भरलेली होती म्हणून तो वाचला. रिकामी असती तर त्याच्या डोक्यात घातली असती. भरलेली उचलून घालायचं माझं वय राहिलं नाही.

तेव्हा आधीच सांगून ठेवतो, मी तुझं गुणगान करायला बसलेलो नाही. ते करायला अख्खं मुलुंड मोकळं आहे. मी भांडायला बसलोय. आपलं भांडण अर्धं राहिलंय आणि तू मधेच उठून गेलास. नाटकाच्या तालमीतून चहाला म्हणून सटकायचास, तसा.

तुझं आणि माझं घर म्हणजे एका कौलाखालची दोन बिऱ्हाडं, मधे फळ्यांची भिंत. भिंत कसली, चाळणी! इकडे मी श्वास घेतला की तिकडे तू सोडायचास. आमच्याकडे आमटीत मीठ जास्त पडलं की तुमच्याकडे पाणी प्यायचं. त्या भिंतीला कान लावून तू नाटकं लिहिलीस, आणि लोक म्हणतात तुला प्रतिभा होती. प्रतिभा कसली डोंबलाची? तुला शेजार होता!

दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, दिवेलागणीला, वाडीच्या मंडळाच्या ओट्यावर ‘खळखळ्यांचं घर’. दर महिन्याला नवा प्रकार, घर तेच. घरातले अण्णा खळखळे तू स्वतः व्हायचास. अण्णा बाहेर पडताना तीनदा शिंकतो आणि चप्पल काढून परत आत येऊन बसतो. कोण शिंकतं रे तसं? अण्णाची बायको म्हणते, “तुम्ही आहात म्हणून मी आहे, नाहीतर केव्हाच सुखात असते!” हे वाक्य कुमुदनं मला आमच्या माजघरात ऐकवलं होतं, आणि पुढच्या शनिवारी त्यावर टाळ्या पडल्या. अण्णाच्या आईच्या तोंडी तर माझ्या आईचं अख्खं तोंडच होतं. पुढेपुढे मी रस्त्यात शिंकलो की लोक थांबून मोजायचे. तिसरी शिंक आली नाही तर नाराज होऊन जायचे.

हसायचे मात्र काय रे! कर्ण्यातून तुझा आवाज आणि त्यावर लोकांचं हसणं, कौलं सरकायची. पवईच्या तलावातल्या मगरी रविवारी सकाळी काठावर आ करून पडलेल्या असत, त्या ऊन खायला नव्हे, शेवटचा विनोद कळला नाही म्हणून विचारायला. मानखुर्दच्या खाडीत जाळं टाकून बसलेला एक कोळी हसताहसता होडीतून पाण्यात पडला, आणि वर आला तेव्हा त्याच्या हातात मासा होता, तोही हसत होता. हे सगळं मीच लोकांना सांगत फिरायचो. म्हणजे बघ, चोरीही माझ्या घरातली आणि दवंडीही माझीच.

आणि तो उंबरठा. तुझ्या नाटकाला ना भिंत, ना दार, ना खिडकी. ओट्यावर फक्त एक लाकडी उंबरठा. मोडक्या चौकटीचा काढून तू रंधा मारून तयार केलास, आणि वर हळदीकुंकवाची बोटं ओढलीस. त्याच्या अलीकडे घर, पलीकडे जग. त्या जगातून दर महिन्याला यायचे डॉक्टर थरथरे. डॉक्टर थरथरे म्हणजे आपले डॉक्टर सोवनी, हे दूध पिणाऱ्या पोरालाही कळायचं. तीच सायकल, विजारीला तेच चाप, कॅरिअरला सुतळीनं बांधलेली तीच काळी बॅग. हात मोडलेल्या माणसालाही पहिला प्रश्न तोच: “भूक कशी आहे?” थरथरे व्हायचा पोस्टातला दिगू प्रधान, बांबूसारखा उंच आणि बोलायची वेळ आली की हमखास अडखळणारा. थरथरे पाय उचलून आत येणार, तेवढ्यात अण्णा दोन्ही हात पसरून उभा:

“तिथंच थांबा, डॉक्टर! हे हसतं घर आहे!”

बस. मग जो काही हशा! दिगूचा पाय तसाच हवेत. तो पाय कधीही उंबरठ्याच्या आत पडला नाही. कितीही शनिवार गेले, दिवाळी गेली, गणपती गेले, डॉक्टर आपला बाहेरच. आत आजीचा काढा, आत्याचा अंगारा आणि अण्णाचा विनोद, या तिघांनी पोरं खडखडीत बरी.

मासळीवाली दारात आली की म्हणायची, “विनायकभाऊ, पापलेट आणलंय, तिथंच थांबू का आत येऊ?” वाक्य वाडीभर झालं, मग गावभर झालं. डॉक्टर सोवनी पहिल्यांदा पुढच्या बाकावर बसून हसायचे. मग मधल्या बाकावर बसून हसायचे. मग मागे उभे राहून नुसते बघायचे. तुझं लक्ष नव्हतं. तुझं लक्ष टाळ्यांकडे. रिकामटेकड्यांना तर खेळच मिळाला. त्यांनी डॉक्टरांना उगाच बोलावणं धाडायचं, भर उन्हात सायकल मारत आले की दारात हात पसरून तुझं वाक्य म्हणायचं. त्या बिचाऱ्यानं घाम पुसायचा, “बरं बरं” म्हणायचं आणि सायकल वळवायची. मी तुला तेव्हाच म्हटलं होतं, “भाल्या, हे जास्त होतंय.” तू म्हणालास, “लोक नाटक पाठ करतायत विन्या, यापेक्षा काय हवं लेखकाला?”

मग आला तो गोवराचा शनिवार.

खळखळ्यांच्या चारही पोरांना गोवर. काय धमाल लिहिलं होतंस! फोडणी बंद म्हणून अण्णा वासासाठी व्याकुळ, शेजारच्या फोडणीचा वास आला की नसलेल्या भिंतीला नाक लावून भात खातोय. उंबरठ्यावर कडुलिंबाचा डहाळा, तो बकरी खाऊन जाते. शाळा बुडाली म्हणून पोरं देवीचे आभार मानतायत, मनुका मागतायत. आणि शेजारणी आपापली पोरं काखोटीला मारून येतात, “आमच्यांनाही झोपवा हो इथंच, एका सतरंजीवर, एकदाचं सगळ्यांचं उरकून जाईल!” मग थरथरे येतात. आजी ओरडते, “औषध दिलं तर गोवर आत जाईल!” अण्णा म्हणतो, “गोवर आत गेला तरी चालेल, डॉक्टर नको!” आणि दिगूचा पाय हवेत.

मी हसलो का? हसलो. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. तेही तुझ्याच पापात धर.

त्यानंतर शिमग्याच्या सुमाराला वाडीत खरा गोवर आला. आणि भाल्या, बायकांनी खरीच सतरंजी घातली. कुठे? आमच्याकडे. का? कारण खळखळे म्हणजे आम्ही! “विनायकरावांच्याकडे झोपवू या, तिथं हसतंखेळतं असतं.” वाडीतली सगळी पोरं आमच्या माजघरात ओळीनं. आमची नली तेव्हा पाच वर्षांची. तिला कोण आनंद! एवढे सगळे सवंगडी घरात, मनुकांची वाटी, आणि आई ओरडत नाही. पोरांनी तुझं नाटकच मांडलं. एक अण्णा, एक आजी, एक बकरी. आणि एकाला डॉक्टर करून दाराबाहेर ठेवलं. तूही डोकावून गेलास. त्यांना दोन नवी वाक्यं देऊन गेलास.

बाकीची पोरं उठली. अंगावरचे डाग फिके झाले, त्यांच्या आया त्यांना घेऊन गेल्या. नलीचेही डाग गेले, पण ताप गेलेला परत आला. खोकला लागला. श्वास घेताना बरगड्या दिसायला लागल्या. आणि कान धरून जी रडायची! ते रडणं तुला ऐकू येत होतं, भिंत चाळणी होती. मी म्हटलं, सोवन्यांना बोलावतो. आई दारात आडवी. ती काय म्हणाली ठाऊक आहे? ठाऊक असणारच, तू ऐकलंच असशील. म्हणाली, “खळखळ्यांकडे चार पोरं होती, एकालाही सुई लागली नाही!”

मला क्षणभर कळेना, रडावं की भिंत फोडून तुझ्या अंगावर यावं. अरे, ते घर तू माझ्या घरावरून काढलंस. ती आजी तू माझ्या आईवरून काढलीस. आणि माझी आई माझ्याच घरात त्या घराचा दाखला मला देत होती! जगात आजवर असा पेच कुणावर आला नसेल. मी माझ्याच नकलेकडून हरत होतो.

शेवटी कुमुदच म्हणाली, “सासूबाई, नाटकातली पोरं पडदा पडला की घरी गेली. आपली कुठे जाणार?” आई बाजूला झाली.

नली मला सोडेना. गळ्याला मिठी मारून बसलेली. वाडीत सायकल एकच, तुझ्या नाटकासाठी मंडळानं घेतलेली, आणि ती चालवायचा एकटा दिगू. तो म्हणाला, “मी जातो, आत्ता घेऊन येतो.” सकाळची वेळ. दिगू त्या सायकलवर बसून निघाला. विजारीला चाप लावून.

तू नाटककार ना रे? मग बघ डोळ्यांसमोर आणून. डॉक्टर सोवनी दार उघडतात. समोर कोण? डॉक्टर थरथरे! त्यांची स्वतःची नक्कल, त्यांच्यासारख्याच सायकलवर, धापा टाकत, अडखळत म्हणतेय, “चला ल-लवकर, व-विनायकरावांच्या घरी, प-पोर आजारी आहे!” ज्यांच्या घरावरून नाटक, त्यांच्या घरी. सोवनी त्याच्याकडे बघत राहिले. मग शांतपणे म्हणाले, “दिगंबर, आज शनिवार नाही.” आणि दार लावून घेतलं.

दिगू दारावर थापा मारत राहिला. घाबरला की त्याची जीभ आणखीच अडकते. जितकं जीव तोडून सांगे तितका तो थरथऱ्यांसारखा दिसायला लागला. मागच्या दारानं सोवनी भांडुपकडे व्हिजिटला निघून गेले. दिगू रडत परत आला. मग मी नलीला कुमुदच्या मांडीवर दिलं आणि तसाच अंगातल्या बंडीवर पळालो. दवाखाना बंद. भांडुपला टांग्यानं गेलो, तिथून ते पुढे गेलेले. भर उन्हात मी त्या माणसामागे मिठागरांपर्यंत धावलो आणि त्या दिवशी, तुझी शपथ, एकदाही शिंकलो नाही. गाठले तेव्हा उन्हं उतरत होती. त्यांनी फक्त माझं तोंड बघितलं. सायकल तिथंच टाकून टांग्यात बसले.

वाडीत आलो तेव्हा माणसं नेहमीसारखी आपापल्या ओट्यावर. काळी बॅग दिसली, आणि कोणीतरी, निव्वळ सवयीनं, ओरडलं:

“तिथंच थांबा, डॉक्टर!”

दोघंतिघं हसलीही. आवाज तुझा नव्हता, एवढं मी कबूल करतो. वाक्य तुझं होतं.

आणि सोवनी थांबले, भाल्या. माझ्या खऱ्या उंबरठ्यावर, एक पाय उचललेला. टोमणा म्हणून नव्हे रे. अगदी साधेपणानं त्यांनी मला विचारलं, “विनायकराव, आत येऊ ना?”

त्या माणसाला पेनिसिलिन टोचता येत होतं, टाके घालता येत होते, आडवं आलेलं मूल फिरवता येत होतं. कुणाच्या घरात पाय टाकायची भीती त्याला तू शिकवलीस.

नली वाचली. छाती मोकळी झाली, ताप उतरला. डावा कान गेला. मी डॉक्टरांना विचारलं, सकाळी आला असतात तर? ते बराच वेळ बॅगेची सुतळी गुंडाळत बसले आणि म्हणाले, “कदाचित.” तेव्हापासून त्या ‘कदाचित’नं आमच्याकडे बिऱ्हाड केलंय. उठवू म्हटलं तर उठत नाही.

मग आपलं भांडण. वाडीनं असं भांडण बघितलं नव्हतं. विहिरीतली कासवं वर येऊन ऐकत होती. मी म्हटलं, “तुझ्या नाटकानं माझ्या पोरीचा कान गेला!” तू म्हणालास, “विन्या, मी नाटक लिहिलं, औषधाची चिठ्ठी नाही.” मी म्हटलं, “लोक तुझं नाटक जेवल्यावर पाण्याबरोबर घेतात रे, त्याचं काय?” तू म्हणालास, “लोक मूर्ख असले तर मी काय करू?” मी म्हटलं, “मूर्ख माझी आई? तिच्याच तोंडची वाक्यं चोरताना मूर्ख वाटली नाही?” त्यावर तू उगाच चपला शोधायला लागलास.

मी एकच मागितलं होतं. नाटक बंद कर म्हटलं नव्हतं. म्हटलं, “एकदा, फक्त एका शनिवारी, त्या थरथऱ्यांना आत घे.”

तू काय म्हणालास? “आत घेतला की नाटक संपतं, विन्या. तो बाहेर आहे म्हणून तर लोक हसतात. आत आला की मग आजार खरा होतो. खऱ्या आजारावर कोण हसणार?”

हे तू शहाणपणानं म्हणालास, अगदी लेखकाच्या थाटात, आणि मी त्यानंतर तुझ्या नाटकाला आलो नाही. पण घर तिथंच, भिंत तीच. एखादं वाक्य जमलं की तू भिंतीवर दोन थापा मारायचास आणि मी इकडून एक मारायचो, म्हणजे पोचलं. मी मारणं बंद केलं. तू बंद केलं नाहीस. वर्षानुवर्षं दोन थापा, मग जरा वाट बघणं, मग तुझं खाकरणं. वाट बघितलेलीही मला ऐकू यायची रे, चाळणी होती ना.

हां, गोवराचा खेळ तू पुन्हा कधी केला नाहीस. लोक मागायचे. “दादा, ती सतरंजी होऊ द्या!” तू वही हरवली म्हणून सांगायचास. खोटारडा. तुला सगळं तोंडपाठ असायचं.

आणि एक गोष्ट. मी बघत नाही असं तुला वाटायचं, पण बघत होतो. नली ओट्यावर येऊन बसली की तू उठून तिच्या उजव्या बाजूला जाऊन बसायचास. मंडळात, लग्नाच्या पंगतीत, टांग्यात, कुठेही. एकदा उजवीकडे जागा नव्हती तर एका म्हाताऱ्याला उठवलंस. तिच्या उजव्या कानात काहीतरी पुटपुटायचास आणि ती खुदकन हसायची. वर्गात तिला मागे बसवलं तेव्हा मास्तरांकडे जाऊन भांडलास, हे मला तिनं सांगितलं, तू नाही. तिला वाटायचं काकांची बसायची खोडच आहे ती. भाल्या, माफी मागायची सोडून तू बाजू बदललीस. तुला तोंड होतं, मला कान होते, मधे नुसत्या फळ्या होत्या. एक शब्द टाकला असतास तर काय झालं असतं? तुझ्यासारख्या बोलघेवड्याला एक शब्द जड झाला?

मी मागितला असता तर दिला असतास, असं तुझी बायको म्हणते. मी का मागू?

बरं, तुझ्या छातीत कळ आली तेव्हाचं तुला कुणी सांगितलं नसेल. वहिनींनी मला हाक मारली आणि मी सोवन्यांना घेऊन आलो. आता त्यांचेही केस पांढरे झालेत. तुझ्या दाराशी आले आणि थांबले. अर्ध्या श्वासापुरते. तेवढ्यानं काही बिघडलं नाही, त्यांनीच नंतर सांगितलं, आणि ते खोटं बोलत नाहीत. पण थांबले. वहिनींनी त्यांचा हात धरून आत ओढलं. तू अंथरुणावरून ते बघितलंस. तुझे डोळे उघडे होते. मी तुझ्या चेहऱ्याकडे बघत होतो आणि मला वाटलं, आता हा काहीतरी बोलणार. इतक्या वर्षांनी हा आता बोलणार. तू नुसता हात उचललास, पुढे केलास, आणि तो खाली पडला. ‘या’ म्हणत होतास की ‘थांबा’ म्हणत होतास, देव जाणे. हीच ती तुझी वाईट खोड, शेवट मोघम ठेवायची.

तर काल शनिवार होता.

मंडळानं ठरवलं, शोकसभेत भाषणं नकोत, भाल्याचा एक प्रवेश करायचा. कुठला? सगळे एकसुरात, “गोवर!” मी उठून जाणार होतो. तेवढ्यात अध्यक्ष म्हणाले, “अण्णा कोण करणार?” आणि सगळी वाडी माझ्याकडे बघायला लागली. एकजण म्हणालाच, “विनायकराव, तुम्हाला तालीम कशाला लागते? जन्मभर तेच तर करताय!” मी म्हटलं, करतो. कुमुदनं माझ्याकडे बघितलं. तिला माझ्या ‘करतो’मधलं काय ऐकू आलं कोण जाणे.

ओट्यावर तोच उंबरठा, तीच बोटं, रंग उडालेली. पुढच्या बाकावर नली, आता परकर-पोलक्यातली उंच पोरगी झालीय. ती डावीकडच्या टोकाला बसली होती, तोंड जरा वळवून, उजवा कान ओट्याकडे. आणि तिच्या उजवीकडची जागा तिनं रुमाल टाकून धरून ठेवली होती. कुणी बसायला आलं की म्हणायची, “इथं येतायत.” सगळ्यात मागे, खांबाला टेकून, सोवनी उभे.

प्रवेश रंगला. मी शिंकलो, तर टाळ्या. भिंतीला नाक लावून भात खाल्ला, तर लोक लोळले. मग दिगू आला, सायकल टेकवली, चाप नीट केले, बॅग काढली. पाय उचलला. लोकांनी श्वास धरला. सगळ्यांच्या ओठांवर वाक्य तयार, माझ्या आधीच म्हणणार होते. मी दोन्ही हात पसरले.

आणि म्हटलं, “या, डॉक्टर. आत या.”

एक म्हातारी हसली, मग थांबली. मग असं शांत झालं की विहिरीवरच्या रहाटाचं पाणी ठिबकताना ऐकू यायला लागलं. दिगू ओठ न हलवता म्हणतो, “अरे, अ-असं नाहीये!” मी म्हटलं, “आता असंच आहे. या.”

भाल्या, त्याला आत यायची सवयच नव्हती रे. जन्मात कधी ओलांडला नव्हता तो उंबरठा. त्याचा पाय अडकला आणि तो बांबू सरळ आडवा झाला, आणि बॅग उघडून त्यातून वीट बाहेर पडली. वजन वाटावं म्हणून तू घातलेली वीट! दिगू उठला. चष्मा नाकावरून कानावर गेलेला. त्यानं वीट उचलली, फुंकर मारली, बॅगेत परत ठेवली, आणि माझ्याकडे बघून, अजिबात न अडखळता म्हणाला:

“भूक कशी आहे?”

असा हशा मी तुझ्या हयातीत ऐकला नाही. शपथेवर सांगतो. कौलं सोड, कर्णा खाली पडला. पवईच्या मगरी आज सकाळी मुलुंडच्या वाटेला लागल्या असतील, समक्ष विचारायला. मागे सोवनी खांबाला धरून हसत होते, डोळे पुसत होते, पुन्हा हसत होते. आणि नली, तिनं हसताहसता सवयीनं उजवीकडे वळून बघितलं. तिथं रुमाल होता.

नाटक संपलं नाही, भाल्या. डॉक्टर आत आला आणि नाटक संपलं नाही! आजार खरा झाला आणि लोक हसले! तू चुकीचा होतास. पहिल्यापासून, ठार चुकीचा होतास. इतकी वर्षं एका चुकीच्या गोष्टीसाठी तू त्या माणसाला दाराबाहेर ठेवलंस, आणि मला तुझ्या भिंतीबाहेर.

घरी आलो. चप्पल न काढता भिंतीपाशी गेलो. वहिनी भावाकडे गेल्यात, पलीकडे कुणी नाही, हे मला ठाऊक होतं. तरी दोन थापा मारल्या. तुझ्यासारख्या. मग वाट बघितली.

हरलास रे तू. हरल्यावर गप्प बसायची तुझी रीत कधीच नव्हती. आता कुठून शिकलास, हलकटा?